मुठीचं रबर

३ जानेवारी, शनिवार

सोळा वर्षं तीन महिने सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले आणि आज काउंटरच्या पुढच्या बाजूने बाहेर पडले. मालकांनी निरोप म्हणून ही वही दिली. "रोज लिहीत जा, धंद्यात उपयोग होतो," म्हणाले. त्यांनी स्वतः कधी चार ओळी खरडलेल्या मला आठवत नाहीत. पण कागद जाड आहे, शाई फुटत नाही, म्हणून लिहिते.

तर हकीकत अशी. दादा सव्वीस वर्षं झाडं तोडतोय. ज्या कंत्राटदाराकडे तो होता, त्याने गाशा गुंडाळला. मी म्हटलं, "दादा, तुझे हात आणि माझी अक्कल. आपलंच काम सुरू करू." आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, वखारीची जागा तशीच पडून आहे, पत्र्याची शेड उभी आहे, आणि मशिनींबद्दल माझ्याइतकं कळणारं या गावात दुसरं कोणी नाही. फुशारकी म्हणा हवं तर, पण खरं आहे. दादा म्हणाला, "बघू." तो घराला आग लागली तरी "बघू"च म्हणेल.

पहिलं काम मिळालंय. दवाखान्यामागची निलगिरी. साठ-पासष्ट फूट उंच, आणि वॉर्डच्या छपरावर अशी वाकलीये की खालच्या पेशंटने वर पाहिलं तर ताप वाढावा. एका दमात पाडता येणार नाही, वरून तुकडे करत दोराने खाली सोडायची. २३ तारखेला एक दिवस वॉर्ड रिकामा करून देणार आहेत. काम नीट झालं तर दवाखान्याची आणि दोन्ही शाळांची झाडं वर्षभर आपल्याकडे. एक फांदी जरी छपरावर पडली, तर पुढे कोणी आपल्याला सुकलेली कुंडी उचलायलाही बोलावणार नाही. काउंटरवर माझ्या जागी आजच दुसरी बसली, म्हणजे परतीची वाटही बंद.

सकाळी दादाकडे गेले तर वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली! मी म्हटलं, "चालू द्या, चालू द्या, मी डोळे मिटते." दादा लाजला. वहिनी हसली नाही. तिला माझे विनोद कधीच कळत नाहीत.

५ जानेवारी, सोमवार

गाडी बघायला गेलो. मी, दादा आणि दोरमामा. दोरमामा कोणाचेच मामा नाहीत. दादा झाडावर असला की खाली दोर यांच्या हातात, म्हणून दोरमामा. मला ते काउंटरबाई म्हणतात.

लाकडाच्या कामाला गाडी घेणारे सगळे इंजिन विचारतात. चूक. आधी विचारायचं, वजन किती वाहते. ओली निलगिरी म्हणजे पाणी प्यायलेला दगड. वाळलेल्या लाकडाच्या अंदाजाने भरलं तर मागची पाटी, म्हणजे माल भरायचा हौदा, खाली बसते आणि पुढची चाकं नुसती हवा खातात. दुसरं, मागे ट्रॉली जोडायचा हूक सांगाड्याला जोडलेला आहे की नुसता बंपरला डागलाय, ते खाली वाकून बघायचं. तिसरं, टायर.

मला एक उंच, चारही चाकांना जोर असलेली पिकअप आवडली होती. चिखलात कुठेही घुसेल. दादा तिच्याकडे बघेचना. कोपऱ्यात एक बुटकी, मागून उलटणारी टिपर गाडी होती, तिच्याशी जाऊन उभा राहिला.

"ही घे."

"अरे, ही चिखलात रुतेल."

"रुतली तर फळ्या टाकू. हिची पाटी गुडघ्याला लागते, बारके. ओंडका उचलावा लागत नाही, लोटला की चढतो. आणि रिकामी करायला बटण आहे."

पूर्वी हा माणूस ओंडका खांद्यावर घेऊन शिट्टी वाजवत चालायचा. आता म्हणे लोटला की चढतो. वय झालं की माणूस आळशी होतो हे मान्य, पण एकोणपन्नास म्हणजे काही वय नाही. दोरमामांनीही त्याचीच री ओढली, तेव्हा बुटकी घेतली. खरं सांगायचं तर उलटण्याची सोय मलाही आवडली. पण तसं मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

लाकूड फोडायचं मशीन आलं. पाववाल्याला भट्टीसाठी दर आठवड्याला गाडीभर फोडलेलं सरपण हवंय, आणि कुऱ्हाडीने तेवढं होणार नाही. मी उभ्याने काम करायचं, पेट्रोलचं मशीन निवडलं. निलगिरीचं लाकूड पिळाचं असतं, वाळल्यावर पाचरीलाही दाद देत नाही, म्हणून जोर जास्त हवा आणि फोडायचं ते ओलं असतानाच. याला दोन दांडे आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबले तरच पाचर खाली येते, एक सोडला की थांबते. विकणारा हळूच म्हणाला, "बरेच लोक एक दांडा दोरीने बांधून ठेवतात ताई, काम दुप्पट होतं." मी म्हटलं, "आणि बोटं निम्मी होतात." हे तरी मला काउंटरवर राहून कळलंय.

दादाने दिवसभर चालवलं. दांडे हाताने धरत नाही, मनगटाने आणि कोपराने ढकलतो, एखाद्या साहेबासारखा. मध्येच जळका वास आला. बघते तर याचा डावा हात गरम सायलेन्सरला टेकलेला, हातमोजा चॉकलेटी झालेला, आणि हा आपला पुढचा ओंडका न्याहाळतोय. "दादा, हात!" म्हणून ओरडले तेव्हा त्याने हात उचलला. कामात बुडाला की त्याला कशाचं भान नसतं, लहानपणापासून असाच. अण्णा म्हणायचे, याच्या डोक्यावर कावळा बसला तरी याला शेजाऱ्याने सांगावं लागेल.

चहा प्यायलाही हातमोजे काढत नाही हल्ली. पेला दोन्ही तळव्यांत धरतो. थंडी आहे म्हणा.

१० जानेवारी, शनिवार

आज आमचं चेनसॉवरून वाजलं.

दादाला बॅटरीचं मशीन हवंय. बॅटरीचं! मी हसायलाच लागले. बागेतल्या गुलाबांना ठीक आहे. निलगिरीच्या बुंध्याला ते खेळणं लावलं तर झाडालाच गुदगुल्या होतील. तो म्हणाला, "वरच्या फांद्यांना पुरतं. हलकं आहे. थरथरत नाही. दोरी ओढून सुरू करावं लागत नाही." मी म्हटलं, "आणि साठ फुटांवर बॅटरी संपली की? वायर टाकू का खालून?" तो म्हणाला, "बघू."

कंत्राटदाराने विकायला काढलेलं मोठं पेट्रोलचं मशीन मी आधीच बघून ठेवलं होतं. जुनं मशीन घेताना काय बघायचं, ते मला झोपेतही सांगता येईल. थंड असताना सुरू करून बघायचं. विकणारा आधीच गरम करून बसला असेल तर समजायचं की काहीतरी दडवतोय. दोरी ओढताना हाताला जोर लागला पाहिजे, भसकन आली तर इंजिन गेलं. साखळीचं चाक किती झिजलंय ते बघायचं. साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली हवी. साखळीला तेल सुटतं का, ते पांढऱ्या कागदासमोर धरून बघायचं. सगळं उत्तम निघालं. एकच, मुठीची रबरं दगडासारखी कडक झालीयेत. मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये चार रबरं असतात ती. पण रबरांवाचून आजवर कोणाचं अडलंय? सोळा वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आले, "रबर राहू द्या, मशीन चालतंय ना?" आठवडाभर मागवायला लागतो, तेवढा खाडा करतो कोण.

दादाने मशीन हातात घेतलं, मूठ दाबून पाहिली आणि म्हणाला, "रबरं बदल."

"नंतर बदलू रे. तेवीस तारीख होऊ दे."

मला वाटलं भांडेल. पण मशीन खाली ठेवून निघून गेला. त्याचं हे न बोलणं मला भांडणापेक्षा जास्त टोचतं.

१३ जानेवारी, मंगळवार

नवीन खूळ. दादा म्हणतो, पाळण्याची गाडी भाड्याने आण. म्हणजे रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करतात ती, लांब हाताची, पुढे माणूस उभा राहायचा पाळणा. मी म्हटलं, माकडाला कधी शिडी लागते का? दवाखान्याचं मागचं फाटक चिंचोळं, जमीन भुसभुशीत. त्या गाडीचे चार पाय पसरायला सपाट कडक जागा लागते, नाहीतर पाळण्यासकट आडवी होते. आणि ती गाडी दुसऱ्यांची, तिच्यासोबत त्यांचा माणूस. मग लोक म्हणणार, यांच्याने झालं नाही म्हणून दुसऱ्यांना बोलावलं. पहिल्याच कामाला?

"नाही," म्हटलं.

दुपारी वहिनी वखारीत आली. कधी येत नाही. शेडमध्ये इकडेतिकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, "वन्सं, ती गाडी आणाच."

"का गं?"

"सहज."

"सहज कोणी एवढं चालत येत नाही."

"ते सांगणार नाहीत. आणि मी सांगितलेलं त्यांना चालणार नाही. तुम्ही फक्त गाडी आणा."

म्हणजे नवराबायकोचं घरी ठरतं आणि मला फक्त हुकूम येतो. मी सरळ विचारलं, "त्याला काम करायचंय की नाही, ते सांग." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तशीच निघून गेली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण रागही आला.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज जे कळलं ते लिहू की नको असं झालंय. पण वहीशी खोटं कशाला बोलायचं.

मंगळवारी संध्याकाळी दादा "जरा जाऊन येतो" म्हणून लवकर निघाला होता, धुतलेला शर्ट घालून. काल परत तसंच. आज दोरमामा बोलता बोलता म्हणाले, "दादाला पाहिलं काल दवाखान्यात. बाकावर बसला होता, बाहेर, डॉक्टरांच्या दाराशी."

झाडांचं वर्षभराचं काम कोणाला द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार आहेत. मला न सांगता दादा त्यांना भेटतो, तोही दोनदा. म्हणजे काय ते मला समजत नाही असं थोडंच आहे? कंत्राटदाराचा जुना मुकादम स्वतःची टोळी बांधतोय असं ऐकलंय. त्याच्याकडे पाळण्याची गाडी आहे. बॅटरीची मशिनंही आहेत. आता जुळतंय सगळं. दादा काम त्याच्याकडे वळवतोय, आणि मला कसं सांगावं हे त्याला कळत नाहीये. वहिनी रडली ती म्हणूनच.

मी त्याला विचारलं, "दवाखान्यात काय काम होतं?"

"झाड बघायला गेलो होतो."

"झाड मागे आहे. बाक पुढे आहे."

त्याने मान खाली घातली. हातमोज्यांतले हात एकमेकांवर चोळत राहिला. "फाटक मोजलं," म्हणाला. "पाळण्याची गाडी चार बोटं ठेवून आत जाते." माझाच भाऊ. मला सायकल शिकवताना मागून धरलंय असं म्हणायचा आणि खरंच धरलेलं असायचं. त्याने असं करावं?

१९ जानेवारी, सोमवार

पाववाल्याची पहिली गाडी गेली. बटण दाबलं, पाटी उलटली, सरपण त्याच्या अंगणात आपोआप उतरलं. तो खूश. म्हणाला, एवढं एकसारखं फोडलेलं लाकूड भट्टीला पहिल्यांदा मिळतंय. एरवी मी दादाच्या पाठीत थाप मारली असती. आज आम्ही गाडीत शेजारी बसून आलो आणि एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही.

त्याच्या हातून किल्ली दोनदा पडली. मी उचलून दिली नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

उद्या. सगळं तयार आहे. दोर तपासले, कप्प्या तपासल्या, साखळ्यांना धार लावली, पेट्रोल गाळून भरलं. रेडिओवर वारा सांगितलाय, दुपारनंतर. म्हणजे बाराच्या आत मोठी फांदी खाली यायला हवी.

दादा मागे फिरला तर मी काय करणार, याचाच विचार सारखा डोक्यात चाललाय. तो उद्या आलाच नाही तर? दोरमामांचे गुडघे गेलेत, मी शिडीच्या चौथ्या पायरीवर घेरी येणारी बाई. तो नाही तर काहीच नाही. हे त्यालाही ठाऊक आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ

आजच लिहिते. उद्या मी स्वतःला सोयीचं तेवढंच आठवेन.

दादा आला. सगळ्यांच्या आधी आला होता. सातला आम्ही पोचलो तेव्हा झाडाच्या बुंध्याला हात टेकून उभा होता. थंडी कडाक्याची. गवतावर पांढरं दव.

चढायच्या आधी त्याने दोरमामांना बाजूला घेतलं. "आज माझा दोर खालून बांध." एरवी दादाचा दोर त्याच्याच हातात असतो. गाठ हाताने सोडत सोडत तो स्वतःच उतरतो, कोळ्यासारखा. आज म्हणे दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली बुंध्याला बांधायचा, म्हणजे वेळ पडली तर मामांना त्याला खालून सोडता येईल. त्यात अर्धा तास गेला. मी घड्याळ बघत होते. म्हटलंसुद्धा, "सव्वीस वर्षांत लागलं नाही ते आजच बरं लागतं." मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच साखळ्या मोजायला लागले.

तो चढला. हळू चढला. साडेदहापर्यंत लहान फांद्या गेल्या, एकेक दोराने खाली आली. वॉर्डच्या खिडकीची काच हललीही नाही. मोठं मशीन त्याच्या हातात गुरगुरत होतं, आणि मला मनातून अभिमान वाटला, राग असूनही वाटला. मग तो वॉर्डवर झुकलेल्या मोठ्या फांदीकडे सरकला. तिला आधीच दोर लावून ठेवला होता. त्याने काप घेतला. निम्मा झाला असेल नसेल, मशीन बंद पडलं.

बंद पडलं नव्हतं, त्याने बंद केलं होतं. पट्ट्याला लटकत सोडून दिलं आणि दोन्ही हात काखेत घालून झाडाला टेकून उभा राहिला.

मी हाक मारली. उत्तर नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. शेंडे हलायला लागले होते. वारा सांगितला त्याच्या आधी आला. अर्धी कापलेली फांदी करकरत होती. आवारात नर्स जमल्या, डॉक्टर बाहेर आले. मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडून काम दुसऱ्याला देणार. आणि मी ओरडले. काय ओरडले ते लिहितेच. "मागे फिरायचं होतं तर आधीच सांगायचंस! माझी अशी शोभा करायला वर चढलास का?"

नर्स माझ्याकडे वळून बघायला लागल्या.

मग वरून त्याचा आवाज आला, अगदी साधा, घरात मीठ मागावं तसा. "बारके, माझी कडी लागलीये का बघ."

"तुझ्या कमरेला आहे ना? हात लावून बघ की!"

"हात लावलाय. कळत नाहीये."

डॉक्टर माझ्या शेजारी येऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "त्यांच्या बोटांना संवेदना नाही. मी नको म्हटलं होतं." मला त्या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला. बाक. धुतलेला शर्ट. झाड मागे आहे आणि बाक पुढे आहे.

मी बुंध्याला वळसा घालून पलीकडे धावले. फोनचा कॅमेरा मोठा करून बघितलं. त्याच्या पट्ट्याची कडी दोराच्या फासात अडकलेली होती, पण मिटलेली नव्हती. जीभ उघडीच. तो त्या क्षणी झाडावरून मागे रेलला असता तर.

"उघडी आहे दादा! रेलू नकोस!"

"कुठल्या बाजूला उघडी आहे?"

"डावीकडे. तुझ्या डावीकडे. हात खाली घे. अजून खाली. आता दाब. नाही, तो पट्टा आहे, कडी नाही. वर. थोडं वर. तिथेच. दाब, दादा."

त्याचा हात माझ्या फोनमध्ये दिसत होता. हातमोजा त्याने दातांनी ओढून काढला होता. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होती, नखांपासून मधल्या पेरापर्यंत, आणि ती बोटं कडीवरून अशी घसरत होती जणू दुसऱ्या कोणाची असावीत. चौथ्यांदा कडी मिटली. मी तीनदा बघितलं. मग म्हटलं, "लागली."

"नक्की?"

"नक्की, दादा."

"मामा, उतरव."

दोरमामांनी खालून दोर सोडला, हातहातभर करत. दादा दोन्ही हात छातीशी धरून, लहान मुलाला झोळीतून उतरवावं तसा खाली आला. खालून दोर बांधायला लागलेला अर्धा तास मी घड्याळात मोजत होते, हे मी कधी विसरणार नाही. त्याला माहीत होतं, हात दगा देतील हे. मला सांगण्यापेक्षा तेवढीच तजवीज करून तो वर गेला.

वहिनी आली. कोणी बोलावलं कोणास ठाऊक. तिने त्याचे हात तिच्या शालीत गुंडाळले आणि स्वतःच्या पोटाशी धरून बाकावर बसून राहिली. मी समोर उभी राहिले. मग मुकादमाला फोन केला, ज्याच्यावर मी आठवडाभर संशय घेतला त्यालाच. "पाळण्याची गाडी हवी, आत्ता." दीडला आली. मागच्या फाटकातून आत गेली, चार बोटं ठेवून. पायांखाली आमच्या फळ्या टाकल्या. मुकादमाचा माणूस पाळण्यात, आणि खालून दादा सांगत होता, आधी खालून काप घे, आता वरून, आता थांब, दोर ताणू दे. सव्वातीनला ती फांदी छपराला न शिवता जमिनीवर टेकली.

कोणी टाळ्या वाजवल्या. मला तिथे उभं राहवेना.

२४ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांकडे गेलो, आम्ही तिघं. यावेळी मी बाकावर त्याच्या शेजारी बसले.

मशीनच्या थरथरीने होतं, म्हणाले. वर्षानुवर्षं. बोटांतल्या नसा आणि रक्ताच्या बारीक वाहिन्या दबत जातात. आधी मुंग्या, मग थंडीत बोटं पांढरी, मग गरम-गार कळेनासं होतं, बटण लागत नाही. दोन वर्षं चाललंय म्हणे. थंडी सांभाळली, मशीन सोडलं, तर पांढरं पडणं कमी होईल. गेलेली जाणीव परत येईल असं सांगता येत नाही.

मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "या मशिनींना मुठीपाशी रबरं असतात ना? थरथर हातात येऊ नये म्हणून? ती वेळच्या वेळी बदलत होतात का?"

दादा म्हणाला, "मिळतील तशी."

तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होता, डोळे तपासायच्या. मी मात्र त्याच्याकडेच बघत होते.

१ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्याचं पत्र आलं. वर्षभराची झाडं आपल्याकडे. मी ते वाचलं आणि खिशात ठेवलं.

आठ दिवसांत तीन गोष्टी केल्या. मुकादमाशी बोलणी केली. उंच झाड असेल तिथे त्याची गाडी आणि त्याचा माणूस, खालचं सगळं आणि लाकूड आपलं, आणि कुठे काप घ्यायचा हे दादा सांगणार. बॅटरीचं मशीन आणलं, आता खालचे काप मीच घेणार. आणि मोठ्या मशीनची चार रबरं मागवली, आठवडाभर थांबले आणि स्वतः बसवली. जुनी काढून हातात घेतली. बोटाने दाबली तर दबेनात. नवी दाबली तर मऊ, लोण्यासारखी. सोळा वर्षं मी ती पाकिटातून हटून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत आले, स्वतः एकदाही दाबून पाहिली नव्हती. ती कशासाठी असतात हे मला माहीत नव्हतं. मला फक्त त्यांचा नंबर पाठ होता.

आज सकाळी दादाकडे गेले. वहिनी बाजारात गेली होती. तो शर्ट अंगात घालून, पुढून उघडाच, खिडकीपाशी उभा होता. मला बघून त्याने शर्टाच्या दोन्ही कडा एकमेकींवर ओढल्या.

मी पाठ करून गेले होते काय बोलायचं ते. पण सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, "दादा, तू दुकानात यायचास ना. रबरं मागायला. मी काय म्हणायचे?"

"राहू दे, म्हणायचीस."

"किती वेळा?"

त्याने जरा आठवल्यासारखं केलं. मला वाचवायला खोटं बोलेल असं वाटलं. "तीनदा," म्हणाला. "मग मीच विचारायचं सोडलं. तुला मशिनींतलं कळतं, म्हटलं."

मला रडू फुटलं. तो जवळ आला नाही, समजावलं नाही, हात पुढे केला नाही. हात कुठे पोचतोय हे त्याला हल्ली बघावं लागतं. थोड्या वेळाने म्हणाला, "बारके, रडून झालं असेल तर हे लाव. वहिनीला यायला वेळ आहे, आणि मला गार लागतंय."

मी डोळे पुसले. त्याने मान वर केली. मी खालच्या बटणापासून सुरुवात केली आणि वर पोचले तेव्हा एक काज उरलं.

"चुकलीस," दादा म्हणाला.

"हो," म्हटलं, आणि सगळी सोडवून पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली.